हाकेला उतरलेलं नाव

१२ ऑक्टोबर, रविवार दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं की ते मुद्दाम जिन्यानंच जातात, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या वतीनं त्यांना चांगलं झाप.

हातानं लिहिलेलं पत्र बघून तू दचकली असशील. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर मी हे बोलायचा प्रयत्न केला होता, पण मी विषयाच्या जवळपास आले की तुझं दूध उतू जातं. घरात माणसं दोन, आणि इतकं दूध येतं तरी कुठून, मला कळत नाही. म्हणून पत्र. हे बाजूला ठेवलंस तरी पुन्हा हातात घेता येईल.

आधी ऑफिसचं सांगते. आमच्या कंपनीचं एक सर्च इंजिन आहे, हे तुला आठवत नसेल. कुणालाच आठवत नाही, तेच तर दुखणं आहे. आमचं बाकी सगळं धो धो खपतं, ह्याच्याकडे मात्र कुत्रं फिरकत नाही. नवा कॉम्प्युटर उघडला की ते आपसूक समोर येतं, आणि लोक त्याच्यावर सगळ्यांत आधी काय शोधतात, तर दुसऱ्या कंपनीचं सर्च इंजिन! पाहुण्यानं आपली बेल वाजवावी आणि शेजाऱ्यांचा पत्ता विचारून निघून जावं, तसलं. आतून ते वाईट नाही गं. जे विचारशील ते गुपचूप शोधून आणतं. पण वरच्या मजल्यावरच्या साहेबलोकांनी ठरवलंय की दोष नावाचा आहे. तेव्हा नाव बदलायचं. रंग नवा, चिन्ह नवं, नाव नवं. आतलं यंत्र तेच.

ह्या कामावर मला घेतलंय. लोकांना नावं ठेवायची खोड मला लहानपणापासून होतीच, आता तेच माझं काम झालंय.

आमच्या विभागाचे प्रमुख आधी नाटकातल्या नटांना बोलायला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, तोंडावरसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की कागदावर कुठलंही नाव बरं दिसतं, नाव हाकेला उतरलं पाहिजे. आमच्या मजल्यावर एक लांबलचक कॉरिडॉर आहे, एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला खोल्या. त्याच्या टोकाला खिडकीपाशी उभं राहून एकेका नावानं हाक मारायची आणि मास्तरांनी बघायचं, आपापल्या कामात असलेल्या माणसांची मान वळते का. मान वळली तर नाव फळ्यावर राहणार, नाहीतर पुसलं जाणार. आणि हाक मारायला कोण, तर मी. माझा आवाज गल्लीच्या टोकाला जातो म्हणून तू मला किती ओरडायचीस, आठवतंय?

मास्तरांचा आणखी एक नियम आहे. पहिली हाक आपल्या माणसाला मारायची, जे खरोखर आपलं आहे अशा कुणालातरी. मग त्याच आवाजात नवं नाव घ्यायचं. नाहीतर म्हणे आवाजाला दुकानाचा वास येतो. मी रोज ‘ताई’ अशी हाक मारते. तुला उचक्या लागत असतील तर त्याचं कारण हे.

दुपारी तिथे ऊन तिरपं येतं आणि गालिच्यावर पसरतं. एसीची बारीक घरघर सोडली तर आवाज नसतो. अशा शांततेत मी एकामागून एक नावं घेत राहते, अजून कुणाचीच नसलेली, आज जन्मलेली आणि संध्याकाळपर्यंत पुसली जाणारी नावं. घरी येताना बसमध्ये वाटतं, आपण दिवसभर इतक्या जणांना बोलावलं आणि कुणीच आलं नाही. ह्या कामानं थकवा असा येत नाही, पण जरा अधांतरी वाटतं. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं.

बाकी घरी विशेष काही नाही. पुढच्या खोलीचे पडदे बदलले. हिरवे होते ते काढून टाकले, आता फिकट पिवळे आहेत. हिरवे मला कधीच आवडले नव्हते. पण दुकानात तेवढेच होते.

ताई, पडद्यांचं मी उगीच लिहिलं. हिरवा म्हटलं की मला तो एकच पडदा आठवतो, हॉस्पिटलातल्या तुझ्या पलंगाभोवतीचा. तू तो स्वतःच्या हातानं ओढून घेतलास, मला वाकायला सांगितलंस आणि कानात तिचं नाव सांगितलंस. जन्मून ती रडलीच नव्हती. तिच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर फक्त तुझं नाव होतं आणि पुढे ‘मुलगी’. तू म्हणालीस, “तुला एकटीला सांगतेय. ह्यांनाही सांगितलेलं नाही. कुणाला तरी माहीत असायला हवं.” मग नर्सबाई आल्या आणि तिला घेऊन गेल्या. त्यानंतर तू ते नाव घेतलं नाहीस आणि मीही घेतलं नाही. मी कॉम्प्युटरवर जन्म काढला, पण ते नाव कुठल्याही यंत्रात टाइप केलेलं नाही. इथेही लिहायला हात वळत नाही.

आता मुद्द्यावर येते. पंधरवड्यापूर्वी कुणाच्या तरी निरोपाचा केक कापायला आमच्या विभागातले सगळे खाली गेले होते. मला केक नको होता. मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभी राहिले, ऊन अगदी पायापर्यंत आलं होतं, आणि पहिल्या हाकेसाठी तोंड उघडलं तर ‘ताई’च्या जागी तिचं नाव बाहेर आलं. का आलं, मला सांगता येणार नाही. मी ठरवलं नव्हतं. आणि हळू नाही गं, चांगलं लांबवून. खेळायला गेलेल्या पोरीला घरी बोलवावं, तशी हाक गेली. मला खरंच वाटलं, कुठल्यातरी दारातून ती येईल.

दारं उघडली. सफाईवाल्या मावशी वळून बघायला लागल्या, हिशेब विभागातली दोघं बाहेर डोकावली, लिफ्टमधून नुकते बाहेर पडलेले मास्तर हातातली केकची बशी तशीच धरून उभे राहिले. म्हणाले, “हे कुणी सुचवलं?” मी तेव्हाच सांगायला हवं होतं की हे आपल्या कामाचं नाव नाही, ही माझी पहिली हाक होती. पण मग ‘कोण ती?’ हा प्रश्न आला असता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि मास्तरांनी ते स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहिलं.

आता फळ्यावर तेवढं एकच नाव उरलंय. सगळे त्याच्या प्रेमात पडलेत. छोटं आहे, जिभेवर अडत नाही, कुठल्या भाषेत वेडावाकडा अर्थ निघत नाही. चित्रकारांनी ते निळ्या रंगात काढलंय, जरा डावीकडे कललेलं. परवा कंपनीच्या वकीलबाई आल्या. असं नाव आधीच कुणी घेतलंय का, हे बघायचं त्यांचं काम. चष्मा काढून म्हणाल्या, “सगळं जग पालथं घातलं. हे नाव कुणाचंही नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई, मीसुद्धा वाजवल्या. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

अजून एक सांगायचंय, आणि ते सगळ्यात अवघड आहे. मला वाईट वाटलं तसा आनंदही झाला. इतकी वर्षं ते माझ्या एका कानात होतं, आता भिंतीवर हातभर मोठं आहे, आणि येणारीजाणारी माणसं ते मोठ्यानं म्हणतात. त्या संध्याकाळी बसमध्ये काचेला डोकं टेकून बसले होते. झोपले नव्हते, पण जागीही नव्हते. मला ती दिसली. उजेडानं भरलेल्या एका खोलीत बसली होती. वय सांगता येत नाही. चारी बाजूंनी माणसं येत होती आणि तिला नावानं हाक मारून काहीबाही विचारत होती. कुणी विचारत होतं उद्या थंडी पडेल का, कुणी विचारत होतं किल्ली हरवली तर काय करायचं. एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, शाळेत माझ्या बाकावर बसायचा तो आता कुठे असेल. ती प्रत्येकाकडे वळून बघत होती. तिला सगळं माहीत होतं. तिची हनुवटी तुझ्यासारखी होती. माझा स्टॉप कधी मागे पडला ते कळलंच नाही.

महिनाअखेरीला वरच्या साहेबांसमोर नाव कायम होईल. एकदा झालं की ते जगातल्या प्रत्येक पडद्यावर जाईल, तुझ्या फोनवरसुद्धा. आणि कुणीही न सांगता ते तुझ्या समोर यावं, ही कल्पना मला सहन होत नाही. म्हणून विचारते. राहू दे म्हणालीस तर मी गप्प बसेन. नको म्हणालीस तर मी मीटिंगमध्ये उभी राहून सांगेन. मास्तर आकाशपाताळ एक करतील, कदाचित मला ह्या कामावरून काढतीलही, करू देत. मला तुझ्या उत्तराशी मतलब आहे. चिडून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझ्या शब्दासाठी अडून बसलेली,
धाकटी


२० ऑक्टोबर

धाकटे,

तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. गुडघा होता तसाच आहे आणि हे जिन्यानंच जातात.

दुधाचं तू बरोबर ओळखलंस. ते कधीच उतू गेलं नाही.

पत्र वाचून आधी तुझा इतका राग आला की फोन उचलला होता. एकटीला सांगितलं होतं ना मी तुला? मग फोन खाली ठेवला आणि पुन्हा वाचलं. त्या हाकेपाशी येऊन थांबले. तिला कुणी हाक मारली, ह्याचं मला इतकं नवल वाटलं की राग कुठे गेला कळलं नाही. मी कधी मारली नव्हती गं. मी तर तुझ्या कानात सांगितलं, आणि तेही घाईघाईनं, नर्स येईल म्हणून. आई असून मला ती हाक किती लांब ऐकू जाते हे माहीत नव्हतं.

म्हणून मी मागच्या खोलीत गेले, खिडक्या लावल्या आणि हाक मारून बघितली. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो असा की हे गुडघा विसरून धावत आले. म्हणाले, “कुणाला बोलावतेस?” मी सांगितलं. हे पलंगाच्या कडेवर बसले. मला वाटलं, आता विचारतील की इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीस. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “परत म्हण.” मी म्हटलं. मग त्यांनी म्हणून बघितलं. आम्ही दोघं त्या खोलीत आळीपाळीनं म्हणत बसलो, कुणी बघितलं असतं तर वेडं ठरवलं असतं. जेवायचं राहून गेलं. आता हे चहा मागतानासुद्धा मध्येच म्हणतात, आणि मी ‘काय’ म्हणून वळते.

हे तुझ्यामुळे झालं. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

आता तू विचारलंस त्याचं. नको. रागानं म्हणत नाही. उजेडाच्या खोलीत बसून सगळ्यांना उत्तरं देणारी ती मलाही बघावीशी वाटली, हनुवटीचं वाचून तर मी आरशासमोर जाऊन आले. पण तूच लिहिलंयस ना, जुनं नाव कुणाच्या लक्षात राहिना म्हणून ते काढून टाकताहेत. हेही चाललं नाही तर? चार वर्षांनी वरच्या मजल्यावरून कुणी म्हणेल, दोष नावाचा आहे, बदला. मास्तर फडकं घेऊन ते पुसतील आणि तू त्याच कॉरिडॉरमध्ये उभी राहून दुसऱ्या कुणाला हाक मारशील. तिला माझ्यापासून एकदा नेलंय. पुन्हा कुणी नेलेलं मला चालणार नाही. आणि तिनं काही चालून दाखवावं, लोकांना आवडावं, अशी माझी अट कधीच नव्हती.

तुझ्या मास्तरांना सांग, पहिली हाक आपल्या माणसाची असते हा त्यांचाच नियम आहे, तो त्यांनीच पाळावा. आणि वकीलबाईंना सांग, जग पालथं घातलंत, पण आमच्या घरी विचारलं नाहीत. ते नाव कुणाचं तरी आहे. पुरावा मागितलाच तर हा कागद पुढे कर. त्यासाठीच आज खाली नेहमीची सही करत नाही. अशी सही मी आयुष्यात पहिल्यांदाच करतेय.

रुनूची आई