पिवळे दिवे

शनिवार पेठ, पुणे
२४ ऑक्टोबर १९९४

चि. संभाजीस मैनाताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. इकडे सगळे बरे आहेत. यांचा खोकला उतरला. भाजणी दळून आणली, चकल्या व्हायच्या आहेत. शकूची कंबर कशी आहे? तिला वाकायची कामं सांगू नकोस.

तू लिहिलंस, "झेंडूच्या कळ्यांवर खसखशीवानी पांढरे दाणे हायेत. काय करू?"

ती पतंगांची अंडी, संभा. प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं हेच पतंग पाळते. रात्री पिवळा उजेड असला की त्यांना दिवस वाटतो. मादी पंख मिटून बसून राहते, अंडी घालत नाही. पांढऱ्या, निळसर उजेडाकडे मात्र त्या लांबून येतात आणि जवळच्या कळ्यांवर अंडी घालतात.

म्हणून तर राखणीच्या खांबांवर मी तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानातून आणलेले पिवळे दिवे लावले होते. तू म्हणालास, "ताई, शेताला कावीळ झाली का गं?" मीही हसले. त्यानंतर कळ्या किडायच्या थांबल्या, ते मात्र कोणी बोललं नाही.

गेल्या भाऊबीजेला गावी येऊन तुला ओवाळलं, तेव्हा ओवाळणी म्हणून तू तबकात कागद ठेवलास. हक्कसोडपत्र. "कर सही, ताई. समद्या बहिणी करत्यात." निरांजन तेवत होतं तोवर मी सही केली. मला जमीन नकोच होती रे. बांधावर जाऊन उभं राहता येईल, एवढं धरून चालले होते.

दुसऱ्याच दिवशी तू माझे दिवे उतरवून ट्यूबलाइट लावल्यास. का, म्हणून विचारलं तर म्हणालास, "आता तुझा काय संबंध?" आणि दिवे पिशवीत घालून माझ्या हातात दिलेस.

ते मी गेनबाला दिले. तुझ्याच बांधापलीकडच्या. काल मंडईत त्याचा झेंडू पाहिला. एकेक फूल मुठीएवढं.

तुझं पत्र आठवडाभर भाजणीच्या डब्याखाली होतं. आलं त्याच दिवशी उत्तर टाकलं असतं, तर निंबोळीच्या फवाऱ्यानं बरंचसं पीक वाचलं असतं. रोज पेन उघडलं. रोज तुझं ते "काय संबंध?" ऐकू आलं, आणि पेन मिटलं.

आता ते दाणे दिसत नसतील. बरं झालं असं समजू नकोस. अळ्या कळीच्या आत गेल्या आहेत, तिथं फवारा पोचत नाही.

भाऊबीजेला ये. शकूला आण. पाट मांडून ठेवते. तबकात गेनबाचा झेंडू असेल.

ओवाळणी आणू नकोस. यंदाची मी घेतली आहे.

अजूनही तुझीच,
मैनाताई