कव्हरमधली रेकॉर्ड

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६, अंधेरी

वाट लागली! अंगावर काटा आला म्हणे. एवढं कशाला बोलायचं?

वैशालीचा दादा जहाजावर असतो. तो परदेशातून रॉकच्या रेकॉर्डी आणतो आणि मी त्या तिच्याकडून ऐकायला म्हणून नेतो. आमच्याकडे प्लेअरच नाही. मी नुसतं कव्हर पाठ करतो. परत देताना दोन वाक्यं ठोकली की तेवढंच तिच्या दारात उभं राहता येतं. कॉलेज सोडल्यापासून दुसरं निमित्त तरी कुठलं?

आज तिने विचारलं, "गिटार कशी वाटली रे?"

"अंगावर काटा आला! दुसऱ्या बाजूला तर पेटलाय नुसता!"

ती हसतच सुटली. "अरे, या कव्हरात चुकून बाबांची कीर्तनाची रेकॉर्ड गेली होती. आठवडाभर शोधतायत ते!"

माझं डोकं सटकलं. "मग? कीर्तनाने काटा येत नाही का?" इतक्या जोरात ओरडलो की तिचे बाबाच बाहेर आले.

"या वयात कीर्तन? वा! रविवारी ये, बरोबर बसून ऐकू." आणि आत गेले.

मी चपला घालत होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "प्लेअर नाही तर सांगायचं ना, वेड्या. बाबांचं झालं की दादाची रेकॉर्ड लावते."

वेड्या म्हणाली! म्हणजे चिडली नाही ना?

आत्ता आईला विचारलं, कीर्तन ऐकताना मान हलवायची की टाळ्या वाजवायच्या? ती म्हणाली, "आधी केस काप."