ओल्या अंगावर खोबरेल

मम्मी, पोरीच्या पायावर ते आलं. पाच महिन्यांची आहे ती. परवा आंघोळीनंतर उन्हात धरली तर नडगीवर बारीक पांढरे खवले दिसले. तुझ्या पायांवर होते तसेच, माझ्या आहेत तसेच. मी पटकन मोजे चढवले तिला. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होती, आता स्वतः आई झाली, तरी पहिलं डोक्यात हेच आलं की मम्मीला विचारू.

तुला किती सांगायचंय. कॉलेजात मला क्रीमची लेबलं वाचायचा नादच लागला होता. एवढी लांबलचक नावं, सगळी गूगल करायची आणि होस्टेलवर पोरींना लेक्चर द्यायची. महागातलं महाग क्रीम लावून पाहिलं, आणि शेवटी कळलं की अमरावतीच्या आपल्या बाथरूममध्ये तू रोज करायचीस तेच भारी होतं. थंडीत खोबरेल तेल गोठायचं, म्हणून तू बाटली माझ्या आंघोळीच्या बादलीतच सोडायचीस. ती तरंगते आहे, मी तिला मगानं बुडवून राहिली आणि तू बाहेरून ओरडतेस, "खेळू नको, व्हॅन येऊन राहिली." मी टॉवेल घेतला की तू तो ओढायचीस. "कोरडी नको होऊ बेटा. पानी अंगावर हाय तोवर तेल लाव, मंग ते पानी अंदरच रायते. सुकल्यावर लावशीन तर नुसते कपडे खराब होते." मी म्हणायची, वर्गात कोणाचीच मम्मी असं करत नाही, आपणच काहून? तू म्हणायचीस, "त्यांची चामडी वेगळी हाय." पुढं काही नाही. मी मोजे गुडघ्यापर्यंत ओढून शाळेत जायची. एकदा पीटीच्या तासाला मोजा घसरला आणि मागची पोरगी "लिझर्ड" म्हणाली, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

इथे अकोल्यात पोरीची आंघोळ सासूबाई घालतात. त्या वाईट नाहीत, हे आधी सांगते. पाटावर पाय पसरून बसतात, पोरीला पायावर घेतात, तिच्याशी गप्पा मारतात. काल त्यांनाही तिच्या नडग्या दिसल्या. "मैल धरला हो हिनं. उद्या बेसनात साय कालवून चांगलं रगडून काढू, दोन दिवसांत निघते." मम्मी, मला अंजनगावचं लग्न आठवलं.

मी तिसरीत असेल. सकाळी सगळ्या बायका न्हाणीपाशी जमलेल्या, तुझ्या काकू मला धरून टाचा घासायच्या वजरीनं माझे पाय घासून राहिल्यात. "घोडी झाली अन् पायावर एवढा मैल. माय काय करते हिची?" बायका हसतात. रक्त आलं तशी मी किंचाळली. तू कणकेच्या हातानं धावत आलीस. "काकू, सोडा तिले. मैल नाही तो. चामडी हाय माह्या पोरीची." काकू म्हणाल्या, "अशी कुठं चामडी रायते?" आणि तू, जी घोटाही कधी दिसू द्यायची नाहीस, सगळ्यांसमोर नवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलंस. "अशी रायते. पाहून घ्या." मग कोणी हसलं नाही. काठाला कणीक लागली होती. मला तेव्हा तुझी लाजच वाटली.

आज सकाळी बेसनाची वाटी तयार होती. मी पोरीला उचललं आणि म्हटलं, आज मी घालते.

"काहून? माह्या हातची आंघोळ आवडत नाही का आता?"

"तसं नाही हो. तो मैल नाही, स्किन कोरडी आहे. रगडली तर फाटेल." मी कोमट पाणी घातलं, टॉवेल नुसता टेकवला, ओल्या अंगावर तेल लावलं. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. रागावून नाही, सहज विचारलं त्यांनी, "आमच्या घरात तर कोनाले असं नाही. तुह्या माहेरी होतं काय कोनाले?"

मी म्हटलं, "नाही. थंडीचं असेल."

तेलानं पाय मऊ राहतात, पण हे जात नाही, मला माहीत आहे. म्हणून सोमवारी स्किनच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. ते पहिले हेच विचारतील, घरात कोणाला आहे का? आणि पोरीला धरायला सासूबाई सोबत येणार आहेत. नवऱ्यालासुद्धा मी माझ्या पायांचं दोन वर्षं थंडीचंच सांगून राहिली. खरं सांगितलं तर घरात काय बोलतील याची भीती आहेच. पण पोरीचं आपल्यापेक्षा जास्त निघालं तर? उद्या तिनं विचारलं, आपणच काहून, तर मी काय सांगू? तुझं उत्तर मला तेव्हाही पुरलं नव्हतं.

हे तुला पोचणार नाही, तरी लिहून राहिली, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही. सोमवारी काय बोलायचं ते मला माहीत आहे. बोलणं होईल की नाही, ते नाही माहीत. आत्ता दुपार आहे, खोलीत पोरीशिवाय कोणी नाही, तीही झोपली आहे. तरी मी पाय चादरीखाली घेऊनच बसली आहे.