अडवून ठेवलेलं नाव

बिश्केक, १४ मार्च

प्रिय सायकाल,

तू बरी असशील, सासूबाईंचे गुडघेही. मी ठीक आहे. पत्र कागदावर लिहिते आहे, कारण तुम्हा नवराबायकोचा, तुझा नि कुबातचा, ईमेल एकच आहे.

आधी कॉम्प्युटर. गेस्ट हाउसच्या बुकिंगचा प्रोग्राम अडकतो तो मेमरी कमी पडते म्हणून. रॅम चार जीबी, त्यात कुणीतरी व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे डिस्कची जागा मेमरीसारखी वापरायची सोय, बंद करून ठेवली आहे. कुबातच असणार, ज्याचा उपयोग कळत नाही ते तो बंद करतो. ती चालू कर. आकडा स्वतः घालू नकोस, सिस्टीमला ठरवू दे. सी ड्राइव्हवर दहा जीबी जागा मोकळी ठेव आणि मशीन एकदा बंद करून सुरू कर. तरीही अडकलं तर नवी रॅम घे. सेटिंग बदलून रॅम वाढत नाही.

आता साइटचं नाव. ते लहान असावं, मध्ये आडवी रेघ नको, आणि फोनवर एकदा सांगितलं की ऐकणाऱ्याला लिहिता यावं. गेस्ट हाउसचा फोन तू घेतेस. कुबातने तर सासऱ्यांचं नाव ठरवलंय, आणि आपल्याकडे सुनेने ते तोंडी आणायचं नाही. गेल्या आठवड्यात फोनवर मी तुला तीनदा विचारलं, कोणतं नाव, नीट सांग. तू म्हणालीस, "आमच्या घरातल्या मोठ्यांचं. तुला ठाऊक आहे, कशाला म्हणायला लावतेस, चेटकिणी?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. मागे सासूबाई बशा आपटत होत्या. तुझी ती अडचण मला आवडली.

पाहुणा साइट विचारेल आणि तू दरवेळी नवऱ्याला हाक मारशील. मग फोन तोच घेऊ लागेल, आणि पाहुणेही त्याचेच होतील. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी बोलले नाही.

तुम्हाला आधी "अक जोल" हवं होतं, निघणाऱ्या माणसाला आपण म्हणतो तेच दोन शब्द. ते कुणीतरी अडवून ठेवलंय, असं तू लिहिलंस. ते मी. पाच वर्षं दर मार्चमध्ये पैसे भरून त्या नावाच्या नोंदणीचं नूतनीकरण करते. साइटच्या पत्त्यावर कोरं पान आहे.

तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी बालिकचीच्या बसस्टँडवर कुबातने ते मला सुचवलं होतं. "तळ्याकाठी घर बांधू, पाटीवर हेच लावू. कुणाला सांगू नकोस, पळवतील." मी हॉस्टेलवर येऊन एकट्या तुला सांगितलं. तू केस विंचरत होतीस. छान आहे, म्हणालीस. तुला हे आठवतं का, ते मी विचारणार नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर त्या नावाच्या हस्तांतराचा कोड आहे. दहा दिवस चालेल. नोंदणी तुझ्या एकटीच्या पासपोर्टवर कर, वेगळा ईमेल उघडून. कुबातला कोड देऊ नकोस. हा सल्ला मी कुणालाही दिला असता, पण तुला देताना मला बरं वाटलं, तेही लिहून ठेवते.

जूनमध्ये तुमच्याकडे यायचं निमंत्रण मिळालं. मी येणार नाही. शुभेच्छांची ओळ दोनदा लिहून खोडली. खरी लिहिता येईल तेव्हा पाठवेन.

आजच्यापुरती, जेवढी जमते तेवढी तुझी,
बुरुलाय