साठ फुटांची फेक

१४ जानेवारी

आमच्या बेसबॉल संघाच्या कॅचरने, एझ्राने, आज अकरा चेंडू समोरून चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या डोक्यावरून घालवले. परत टाकताना! दुसऱ्या बेसकडे, पळणाऱ्यांच्या त्या दूरच्या थांब्याकडे, फेकायला सांगितलं की त्याचा चेंडू सव्वाशे फूट सरळ रेषेत जातो, कुणाची पळायची छाती होत नाही. आणि झेललेला चेंडू पिचरला परत द्यायचा — साठ फूट, शेजाऱ्याकडे किल्ली टाकावी तसा — तेवढं जमत नाही. कोपर मध्येच अडतं. कॅचरला हे एका सामन्यात दीडशे वेळा करावं लागतं.

मुलं आधी हसली. मग हसेनाशी झाली. ते जास्त वाईट.

लाईल प्रुइट सरावाच्या जाळीच्या पिंजऱ्याशी उभा होता. मुख्य कोच, वय एकसष्ट, त्यातली एकोणतीस वर्षं याच कॉलेजात. थोडा वेळ बघितलं आणि पाठ फिरवली. "डीना, हे तुझं खातं. पंधरा फेब्रुवारीला पहिला सामना. तोवर नाही झालं तर मी दुसरा कॅचर बघणार."

१५ जानेवारी

आईचा फोन. "तू तिथं नेमकं करतेस तरी काय गं?" नऊ वर्षं मी इथे साहाय्यक कोच, नऊ वर्षं हाच प्रश्न. म्हटलं, लाईल सामने जिंकतो, मी खेळाडू घडवते. "मग तो कुठे काय करतो?"

२२ जानेवारी

एझ्राच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला हालचाल मोजणाऱ्या तारा लावल्या. चार कॅमेरे. सगळे आकडे ठीक. यंत्राच्या मते एझ्रा लिंडक्विस्टला काहीही झालेलं नाही.

मग मी माझे उपाय काढले. टेनिसचा चेंडू. डोळे मिटून. गुडघ्यावर बसून. गाणं म्हणत! गाणं म्हणत टाकला की बरोबर जातो. चर्चमधलं गाणं, तेही बेसूर. पिचर टिओ बरेरा ओरडला, "कोच, याला गप्प करा, हवं तर चेंडू मी धावत येऊन नेतो."

आशा वाटते आहे.

३ फेब्रुवारी

गाण्याचा गुण बारा दिवस टिकला. आज पुन्हा तेच.

विचारलं, "कधीपासून?" म्हणाला, "ऑक्टोबरपासून." ऑक्टोबरमध्ये याचाच परत टाकलेला चेंडू टिओच्या तोंडावर बसला होता. दोन दात गेले. टिओ भलतीकडे बघत होता, सगळ्यांनी पाहिलं. मीच वहीत 'अपघात' लिहिलं होतं.

"त्याची भीती बसली आहे का?"

"तसंच असेल, कोच." आणि हातमोज्याची वादी सोडून पुन्हा बांधत बसला.

१४ फेब्रुवारी

शेवटचे पन्नास चेंडू नीट गेले. लाईलने विचारलं, तयार आहे? मी हो म्हणाले.

१५ फेब्रुवारी

हरलो. एका धावेने.

चौथ्या डावापर्यंत ठीक होतं. मग एक चेंडू टिओच्या पायाशी आपटला. दुसरा बाजूने गेला. यजमानांच्या लोकांना कळलं. एझ्राने हात वर केला की सगळे मिळून "हंऽऽऽ" करायचे. आठव्या डावात चेंडू टिओच्या डोक्यावरून पार मैदानात गेला, आणि तिसऱ्या बेसवरचा त्यांचा गडी जवळजवळ चालतच शेवटच्या बेसवर येऊन धाव घेऊन गेला. एझ्रा मुखवटा काढायलाही तयार नव्हता.

बसमध्ये लाईल शेजारी येऊन बसला. आवाज चढवला नाही. "तू म्हणालीस तयार आहे."

"म्हणाले."

"होता का?"

"नाही. मला तो तयार व्हायला हवा होता."

"या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, डीना." उठून पुढे गेला. ड्रायव्हरमागे एकटा बसला, घर येईपर्यंत.

१७ फेब्रुवारी

लाईलने एझ्राला बाकावर बसवलं. सरावानंतर माझ्या खोलीत आला. संघ सोडतो म्हणाला. बाबांना गव्हाच्या शेतावर हात हवेच आहेत. इतक्या शांतपणे बोलला की वाटलं, घोकून आलाय.

शुक्रवारपर्यंत थांब म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही. माझ्याकडे एकही उपाय उरलेला नाही.

२० फेब्रुवारी

तारा नाहीत, कॅमेरे नाहीत, चेंडूही नाही. नुसते बाकावर बसलो. मी त्याला माझं सांगितलं — मुलींच्या संघात मी कॅचर होते, गुडघा गेला, नंतर दोन वर्षं मैदानाच्या रस्त्यानेही जात नव्हते. त्याने ऐकून घेतलं. मग एकदम म्हणाला,

"त्याचं लक्ष नव्हतं, हे मला दिसत होतं."

मला आधी कळलंच नाही.

"टिओचं. कुठला चेंडू टाकायचा, ती माझी एकही खूण दिवसभर मानत नव्हता. डोकं फिरलं. दिसत होतं की बघत नाहीये. तरी जोरात टाकला. दात पाडायचे नव्हते, कोच. पण टाकला मीच."

कोपराला काही झालेलं नव्हतंच.

"त्याला सांगितलंस?"

"गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला केक घेऊन आला तो. कसं सांगू?"

"मला सांगितलंस तसं."

तो गेल्यावर मी हिशेब करत बसले. टिओने ऐकून डूख धरला तर एकाच्या जागी दोन खेळाडू जातील. आणि हे माझं काम आहे का? माझ्या दारावरच्या 'साहाय्यक कोच' या पाटीत तर नाही.

२१ फेब्रुवारी

सांगितलं. मी दहा पावलांवर होते. टिओने सगळं ऐकलं. हातमोजा बाकावर ठेवला आणि निघून गेला.

२२ फेब्रुवारी

टिओ आला नाही. फोन उचलत नाही.

२४ फेब्रुवारी

टिओ आला! सरळ एझ्रासमोर, साठ फुटांवर जाऊन उभा राहिला. एझ्रा सामान न्यायला आला होता, त्याच्या खांद्यावर पिशवी तशीच.

"दोन दिवस तुला मारायला यायचं की नाही, हेच ठरवत होतो," टिओ म्हणाला. "आईने विचारलं, तू काय केलं होतंस? मी तुझ्या खुणा मुद्दाम मानत नव्हतो. तुला चिडवायलाच. तेही सांगून टाकतो." मग हातमोजा पुढे केला. "आता बघतोय मी. टाक."

पहिला जमिनीवर आपटला. दुसराही. टिओ वाकून उचलत राहिला. "माझे दात नवे आहेत, एझ्रा, जुन्यांपेक्षा मजबूत. टाक तू." चाळीस चेंडू टाकले असतील. शेवटचे वीस सरळ छातीसमोर. गाणं नाही, काही नाही.

मी मोजायचंच विसरले. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

८ मार्च

लाईलने एझ्राला खेळवलं. मी काही म्हटलं नव्हतं. या वेळी "तयार आहे का" असं त्यानेही विचारलं नाही.

जिंकलो. सहाव्या डावात एक चेंडू आपटलाच. टिओने उचलला, पुसला, एझ्राकडे बघून दात दाखवले. पुढचा नीट आला. मी मात्र नवव्या डावापर्यंत खाली बसले नाही.

२७ मार्च

एका व्यावसायिक क्लबचा फोन, नोकरी देतो म्हणाले. ॲरिझोनात कचेरी, दोनशे खेळाडूंचे आकडे, हाताखाली चार माणसं. माझं नाव लाईलनेच कळवलं होतं! दिवसभर हवेत होते. घरी येताना विचारलं स्वतःला — त्या कचेरीतून बाक दिसतो का?

३१ मार्च

क्लबला नकार कळवला. आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला कळलं वाटतं, तू काय करतेस ते."

२ एप्रिल

सराव संपला, मुलं गेली. लाईल मैदानाच्या मध्यावर उभा होता. हातात चेंडू, बोटं पांढरी पडलेली. "मी इथे आल्यापासून एकदाही चेंडू फेकलेला नाही, डीना. बॅटने मारून देतो, हातात नेऊन ठेवतो, बादलीत घालतो. कुणाला दिसलं नाही. बाविसाव्या वर्षी गेला माझा हात, एझ्रासारखाच." मग म्हणाला, "माझ्यावर वेळ घालवशील?"

मी हातमोजा घातला आणि साठ फुटांवर जाऊन उभी राहिले.