निपाणी केंद्राचा आवाज

सोमवार, ३ मार्च

आज पडद्यावर आईचं तोंड हलताना पाहिलं आणि आवाज आला नाही.

संस्थेची महिन्याची सभा. मी बेळगावच्या मुख्य कार्यालयात पडद्याशेजारी, नेहमीसारखी – व्हिडिओ कॉल जोडून देणं, तुटला तर पुन्हा जोडणं, हे माझं काम. निपाणीच्या चौकटीत शिलाई केंद्रातल्या सगळ्या बायका एकाच टॅबसमोर दाटीवाटीनं बसलेल्या. पुढं सुपरवायझर मालुबाई, मागच्या ओळीत आई. मॅनेजर रविराज साहेबांनी विषय वाचला – निपाणीचं केंद्र बंद करायचं, मशीनं बेळगावला आणायची, बायकांनी रोज इकडं येऊन काम करायचं. "कुणाला काय बोलायचंय?" चौकटीत सगळ्यांची तोंडं उघडली, हात हलले. ऐकू आलं ते फक्त मालुबाईंचं, "व्हय साहेब, ऐकू येतंय."

"बघा, किती समजूतदार बायका," साहेब म्हणाले. "बावीस तारखेच्या खास सभेत मंजूर करून टाकू."

आमच्या संस्थेत हात मोजत नाहीत. "मंजूर" किंवा "नामंजूर" असा गलका होतो; जो मोठा तो निर्णय. पण गलकाच पोचला नाही तर?

संध्याकाळी आईचा फोन. "आमी एवढं वरडलो, तिकडनं कोण काय बोल्लंच न्हाई." म्हटलं, तुमचा आवाज इकडं पोचलाच नाही; पण केंद्र बंद होऊ देत नाही मी, काळजी करू नको. "ते ऱ्हाऊ दे गं. तू आदी आवाजाचं बघ."

मंगळवार, ४ मार्च

सापडलं. शनिवारी कॉलच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप उतरली. तिच्यात एक सोय सुरू होऊनच आली आहे – ज्याच्या नावाचं खातं, त्याच्या आवाजाचा नमुना घ्यायचा; मग फक्त तोच आवाज पुढं पाठवायचा, बाकी सगळा गोंगाट समजून पुसायचा. निपाणीचं खातं मालुबाईंच्या नावावर. पडद्यावर आलेल्या चार ओळी वाचून त्यांनी नमुना दिला, आणि निपाणीत बोलणारं माणूस एकच उरलं.

बनवणाऱ्याला वाटलं, एक पडदा म्हणजे एक माणूस. त्यानं आमचं केंद्र पाहिलेलं नाही.

खात्री करायला शेजारच्या टेबलावरच्या सौम्याला नमुना द्यायला लावून तिच्या खात्यावर बसवलं, तिच्या खांद्याशी उभी राहिले आणि दर जयंतीला भर चौकात करते ते भाषण ठोकलं. मग रेकॉर्डिंग ऐकलं. सौम्याचं हसणं, आणि मध्ये स्वच्छ शांतता. माझा एक श्वाससुद्धा नाही.

सौम्या वडगावची, घरात दिवसभर कापडाचा माग खडखडतो. म्हणाली, "मागाचं सोड. आमच्या सासूबाईंच्या खोलीत बसवता येईल का गं हे?"

हसले. 

बुधवार, ५ मार्च

साहेबांकडे गेले. "निपाणीपुरती ती सोय बंद करते. पाच मिनिटांचं काम आहे."

"आणि ती खडखड परत चालू? मशीन मारत मारत सभेला बसतात त्या. आत्ता कुठं डोकं शांत झालंय."

"खडखडीबरोबर माणसंही पुसली गेलीत, साहेब."

"मार्च एंड आहे. तोवर कुठल्याच सिस्टिमला हात लावायचा नाही. नियम तूच लिहिलायस."

खरं आहे. मीच लिहिला, आणि चांगला नियम आहे. "मी बदल मागत नाही. न विचारता झालेला बदल मागं घ्या म्हणते."

"मैत्री, भाषण स्टेजवर कर. हितं ऑफिस हाय."

चिडले की साहेब कार्यालयी मराठी सोडून आपल्या गावची, कडोलीची बोलतात. मला तीच बरी वाटते. तिच्यात त्यांना खोटं बोलता येत नाही.

आजवर जुलमाची इतकी पुस्तकं वाचली. सगळीकडे छापखान्याला टाळं लावावं लागलं, सभेवर शिपाई सोडावे लागले, निदान कुणाला तरी दम द्यावा लागला. इथं काहीच लागलं नाही. एका चौकोनात आधीच केलेली एक खूण पुरली. आणि ज्यांचा आवाज गेला त्यांना वाटलं, समोरचे ऐकून गप्प बसले!

रविवार, ९ मार्च

काल महिला दिन. निपाणीला केंद्राच्या अंगणात बोलले.

केंद्र जुन्या तंबाखूच्या वखारीत आहे. याच वखारीत माझी आजी पाला निवडायची, दारात मुकादम उभा असायचा, बाहेर पडताना झडती व्हायची. आज त्याच दाराची किल्ली बायकांकडे आहे. मी म्हटलं, ही वखार नाही, हा आपला किल्ला आहे. तुमच्या सासवांनी घामानं जिंकला, तो एका ठरावानं कसा जाईल? म्हटलं, तुमचा आवाज दाबलाय, तो मी बावीस तारखेला बेळगावात पोचवणार. टाळ्या थांबेनात.

खाली उतरल्यावर केंद्रातल्या अंबुबाईंनी हात धरला. "मैत्री, त्ये बेळगावचं म्हंजे आमचं असं हाय बग–" म्हटलं, काही घाबरू नका मावशी, शेवटपर्यंत लढू. त्यांनी मान हलवली, चहा आणायला गेल्या.

घरी आई एवढंच म्हणाली, "लई मोठ्यानं बोल्तीस. घसा बसंल."

गुरुवार, १३ मार्च

सोय बंद करू द्या म्हणून साहेबांना मेल केला होता. उत्तर नाही. द्यायचं नसेल तर नको.

सोमवार, १७ मार्च

सौम्यानं डबा खाताना विषय काढला. "सुम्ने, उगीच कशाला वाकडं घेतीस? प्रत्येकीला आपापल्या फोनवरून जोडायला सांग, संपलं."

निम्म्या बायकांकडे साधा फोन आहे. उरलेल्यांचा फोन पोरं घेऊन बसलेली असतात. आणि असता तरी मी सांगितलं नसतं. त्या एकत्र बसतात, एकत्र बोलतात, एकमेकींचं वाक्य पुरं करतात. सॉफ्टवेअरला समजत नाही म्हणून त्यांनी वेगळं वेगळं बसायचं? बदलायचं कुणी, माणसांनी की यंत्रानं?

"आणि नोकरी गेली म्हणजे?" सौम्या.

"गेली तर जाईल."

"तू असं म्हणालीस की मला तुझी भीती वाटती बघ." आणि तिनं डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली.

ठरलं. निपाणीची सोय बंद करायची. पण चोरून नाही. आधी सगळ्यांना कळवून, खाली माझं नाव घालून.

शनिवार, २२ मार्च, दुपार

केलं. सकाळी अध्यक्षांपासून सगळ्या केंद्रांना मेल गेला – निपाणीच्या खोलीतले सगळे आवाज आजच्या सभेत ऐकू येतील, मंजुरी मिळालेली नाही, जबाबदारी माझी. मैत्री.

साहेब दारातूनच, "आत्ताच्या आत्ता होतं तसं कर."

"माझ्या हातानं नाही. तुम्ही करा. कुठं दाबायचं ते दाखवते."

खुर्ची सोडून उठले. ते बसले. मी बोट ठेवून दाखवलं – ही खूण. त्यांनी माऊस धरला. पडद्यावर बायका जमायला लागल्या होत्या, कुणीतरी कुणाला तरी सरकून बस म्हणत होतं, ते ऐकू येत होतं. साहेबांनी हात काढून घेतला. "सोमवारी नोटीस मिळेल तुला," म्हणाले आणि पाण्याची बाटली उघडून घटाघटा प्याले.

मिळू दे.

सभा सुरू होतेय.

शनिवार, २२ मार्च, संध्याकाळ

आज बायकांनी मशीनं बंद ठेवली होती. पहिली आईच बोलली. "साहेब, वखार सोडायची हाय आमाला. भित्तीतनं अजून तंबाखू उतरतोय, खोकून खोकून जीव जातोय. बेळगावला येतो. पण गाडी आमच्या येळंला, आनि पोरांस्नी खोली पायजे. त्ये लिवा, मग मंजूर." अंबुबाईंनी पुढचं वाक्य पुरं केलं. मग सगळी खोली – मंजूर. साहेबांनी गाडी आणि खोली लिहून घेतली, मग माझ्याकडे पाहिलं. मी किल्ल्याबद्दल तासभर बोलले होते. भिंतींबद्दल एकीलाही विचारलं नव्हतं.

निपाणीचा आवाज उघडाच ठेवला आहे. सोमवारी नोटीस घेईन.