गच्चीवरच्या पराती आणि चांगुणाबाईचा हक्क

लिहून ठेवणार सुकेशनी चंद्रभान खंदारे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापिका, राहणार परभणी. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय माझी ही शेवटची इच्छा.

१. माझ्या मालकीचं राहतं घर माझ्या पश्चात मुलगा जीवन याचं. मात्र माझी विधवा नणंद चांगुणाबाई हयात असेपर्यंत याच घरात राहील व तोवर जीवनने ते विकू नये. "आत्याला पोखर्णीला धाडू," असं तो फोनवर म्हणाला. पोखर्णीत, तिच्या सासरी, तिचं आता कोण उरलंय?

२. गच्चीवरच्या पराती चांगुणाबाईच्या. पृथ्वीवर आरएनए, म्हणजे जीवाची आद्य रेणूसाखळी, पहिल्यांदा कसं जुळलं असेल, हे पाहायला मी व माझे पती कै. चंद्रभान यांनी त्या मांडल्या. गंगाखेडहून आणलेली गोदावरीची चिकणमाती, तीत आरएनएचे सुटे मणी; दिवसा उन्हात वाळवायचं, संध्याकाळी पाणी शिंपडायचं. वाळताना मणी एकमेकांना धरतात, पाण्याने काही सुटतात, काही टिकतात. शेजारी विचारत, "म्याडम, पापड करायलाव का?" आम्ही हो म्हणायचो. दोन-चार मण्यांच्या साखळ्या मिळाल्या, पुढे गाडी सरकली नाही. तरी फार सुखाचे दिवस होते ते.

एका दिवाळीला चांगुणाबाईने साऱ्या पराती राखेने घासून लख्ख केल्या. "लय घाण झाल्या व्हत्या, वैनी!" मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. चंद्रभान मात्र हसत सुटले. "पयल्या झटक्यात थोडंच जुळलं आसंल? लय येळा धुऊन गेलं आसंल. चल, परत मांडू." ते गेल्यापासून माझ्याने गच्चीवर जाववत नाही, पाणी चांगुणाबाईच शिंपडते. घासण्याबद्दल तिला अजून पूर्ण माफी नाही, हेही नोंदवते.

३. सूक्ष्मदर्शक नात अर्पिताला. तेलातल्या आम्लाचे कण पाण्यात आपोआप पेशीसारख्या पिशव्या होऊन बसतात, कोणाला शिवाव्या लागत नाहीत. ते तिने डोळा लावून पाहावं. मोबाइलवर पाहिलेलं चालणार नाही.

४. साक्षीबाबत. चांगुणाबाई म्हणाली, "माझा बी आंगठा घ्या." वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार करत नाहीत."

"मला काय मिळायलंय?"

त्यांनी पहिलं कलम वाचून दाखवलं. ती आत गेली. जीवनचं फोनवरचं बोलणं कानावर पडल्यापासून तिने लुगड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, मला पत्ताच नव्हता. ते सोडून एकेक लुगडं पुन्हा कपाटात ठेवताना मी तिला पाहिलं.

सही: सुकेशनी चंद्रभान खंदारे
आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार: परमेश्वर घनसावंत, सिताराम वाव्हळे
परभणी, ११ फेब्रुवारी २०२५